समर्पण : ख्रिस्ती श्रद्धेतील त्यागाचा अर्थ

त्याग हा शब्द आपल्या समाजात इतका हाताळला गेला आहे, की जुन्या नाण्यावरचा छाप पुसट व्हावा तसा त्याचा अर्थ पुसट झाला आहे. सत्कारसमारंभात तो भाषणाच्या प्रारंभी येतो, मृत्युलेखात अखेरीस येतो आणि निवडणुकीच्या दिवसांत कोठेही येतो. अशा झिजलेल्या शब्दाचे मूळ वजन काय होते, हे पाहावयाचे तर ज्या धर्माने त्याग हाच आपल्या श्रद्धेचा मध्यबिंदू मानला, त्या धर्माकडे जाणे सोयीचे पडते. ख्रिस्ती धर्माचे चिन्हच मुळी वधस्तंभ आहे. देहदंडाचे साधन हे उपासनेचे चिन्ह व्हावे, ही गोष्ट आपण सवयीने पाहतो म्हणून तिचे नवल वाटत नाही. एरवी ते वाटावयास हवे.

ख्रिस्ती जीवनातील बलिदान आणि समर्पण या दोन कल्पना कोठून आल्या, त्या कशा बदलत गेल्या आणि माणसांच्या प्रत्यक्ष आयुष्यात उतरल्या तेव्हा त्यांचे काय झाले, एवढेच आम्ही येथे सांगणार आहोत. धर्माचा प्रचार करावा हा आमचा हेतू नाही आणि धर्माची उणीदुणी काढावीत हाही नाही. विवेचनात तीन साधे प्रश्न मात्र आम्ही सतत हाताशी ठेवणार आहोत. देणारा कोण? तो जे देतो ते खरोखर त्याचे आहे काय? आणि जे दिले जाते ते कोणाच्या उपयोगी पडते? वाचकांनीही हे प्रश्न विसरू नयेत, अशी विनंती आहे.

ख्रिस्ती धर्माची मुळे यहुदी धर्मात आहेत, म्हणून आरंभ तेथूनच केला पाहिजे. देवाला वाहिलेल्या वस्तूला हिब्रू भाषेत 'कोर्बान' असा शब्द आहे. त्याच्या धातूचा अर्थ 'जवळ येणे' असा आहे. देवाजवळ जाताना हाती जे न्यावयाचे ते कोर्बान. जुन्या करारातील लेवीय नावाच्या ग्रंथात अशा अर्पणांचे पाच मुख्य प्रकार सांगितले आहेत : होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण आणि दोषार्पण. होमार्पणात पशू संपूर्ण जाळला जाई. शांत्यर्पणात मात्र एक भाग वेदीवर, एक भाग याजकाला आणि उरलेला भाग अर्पण करणाऱ्याच्या घरच्या पंक्तीला, अशी वाटणी असे. नैवेद्य दाखवून प्रसाद वाटणाऱ्या आपल्या मंडळींना यात परके असे काही वाटणार नाही.

याच ग्रंथातील एक तरतूद आम्हांस फार मोलाची वाटते. पापार्पणासाठी ज्याला मेंढरू परवडत नाही त्याने दोन पारवे किंवा दोन होले आणावेत, आणि ज्याला तेही परवडत नाही त्याने मापभर पीठ आणावे. म्हणजे अर्पणाचे मोल बाजारभावाने ठरत नव्हते. देणाऱ्याच्या ऐपतीने ठरत होते. पुढे येशूने यरुशलेमच्या मंदिरात एका विधवेला दोन लहानशी नाणी टाकताना पाहिले आणि धनिकांच्या मोठ्या देणग्यांपेक्षा तिचे दान अधिक आहे असे शिष्यांना सांगितले, त्याचे बीज येथेच आहे. लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या जन्मानंतर त्याचे आईबाप मंदिरात जातात, तेव्हा त्यांच्यासाठी नियमशास्त्रातील पक्ष्यांच्या जोडीचा उल्लेख येतो. हे घर गरिबांचे होते, हे त्या एका तपशिलावरून कळते.

परंतु कोणताही विधी रूढ झाला की त्यात सोय शिरते. वर्षभर गरिबाचे शेत गिळावे आणि सणाला पुष्ट बैल वेदीवर आणावा, असा व्यवहार सुरू झाला. आमोस, होशेय, यशया आणि मीखा या ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातील संदेष्ट्यांनी यावर जो कोरडा ओढला, तो आजही वाचणाऱ्याला झोंबतो. न्याय नाही आणि दया नाही, तेथे देवाला तुमच्या होमाच्या धुराचा वीट आला आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. पुढे इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि तेथील पशुयज्ञ थांबले. तोवर ख्रिस्ती मंडळी येशूचे मरण हाच एकदाच झालेला आणि सर्वांसाठी पुरेसा असा यज्ञ मानू लागली होती. मग माणसाने देवाला द्यावयाचे उरले काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यातूनच समर्पणाची कल्पना वाढीस लागली.

त्या उत्तराकडे जाण्यापूर्वी एका जुन्या कथेजवळ थांबणे भाग आहे. अब्राहामाला देवाची आज्ञा झाली, की तुझ्या लाडक्या पुत्राचा, इसहाकाचा, मोरिया देशातील एका डोंगरावर होम कर. पिता निघाला. पुत्राच्या पाठीवर लाकडे होती, पित्याच्या हाती विस्तव आणि सुरी होती. वाटेत मुलाने विचारले, की सर्व साहित्य आहे, पण होमाचे कोकरू कोठे आहे? पित्याने उत्तर दिले, ते देव पाहून घेईल. अखेर सुरी उगारली असता हात थांबवला गेला आणि झुडपात शिंगे अडकलेला एक मेंढा मुलाच्या जागी अर्पण झाला.

ख्रिस्ती प्रवचनांत ही कथा अब्राहामाच्या श्रद्धेची कसोटी म्हणून सांगतात, आणि ते योग्यच आहे. यहुदी परंपरेत मात्र या प्रसंगाला 'अकेदा' म्हणजे 'बांधणे' असे नाव आहे. ते नाव आपले लक्ष बापावरून मुलाकडे नेते, कारण बांधला गेला तो मुलगा. तिसरी एक व्यक्ती तर कथेत बोलतच नाही. ती म्हणजे इसहाकाची आई सारा. तिला कोणी विचारले नाही. ग्रंथात पुढच्याच अध्यायात तिच्या मृत्यूची वार्ता येते, आणि मुलावर काय बेतले होते हे ऐकून तिने प्राण सोडला असे यहुदी आख्यायिका सांगते. आमचा पहिला प्रश्न येथे धारदार होतो. त्याग करणारा एक असतो आणि त्याची किंमत दुसराच मोजतो, असे तर होत नाही ना? कथेतील देव सुरी थांबवतो, ही गोष्ट म्हणूनच महत्त्वाची आहे. दुसऱ्याचा जीव हे आपले अर्पण होऊ शकत नाही, एवढा अर्थ तरी तिच्यातून निश्चित निघतो.

यानंतर येशूच्या अखेरच्या रात्रीकडे वळू. यरुशलेमजवळ जैतुनाच्या डोंगराच्या पायथ्याशी गेथशेमाने नावाची जागा आहे. त्या नावाचा अर्थ तेलाचा घाणा. अटक होण्यापूर्वी येशू तेथे प्रार्थनेला गेला. त्या प्रार्थनेचे दोन भाग आहेत आणि त्यांचा क्रम विसरता कामा नये. हा दुःखाचा प्याला शक्य असेल तर माझ्यापासून दूर व्हावा, ही विनवणी आधी आहे. तथापि माझ्या इच्छेप्रमाणे न होता तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, हे त्यानंतर आहे. पहिला भाग गाळून दुसराच सांगणारे उपदेशक पुष्कळ भेटतात. त्यांच्या सांगण्यावरून असे वाटते, की समर्पण करणाऱ्याला भीती नसते, दुःख नसते, स्वतःची इच्छाही नसते. शुभवर्तमानातील चित्र तसे नाही. तेथे भीती आहे, घाम आहे, सोबत्यांनी जागे राहावे अशी याचना आहे, आणि ते सोबती झोपी गेले आहेत. ज्याला स्वतःची इच्छाच नाही तो समर्पण कशाचे करणार?

यावरूनच दुसरी गोष्ट निघते. मरणाची हौस म्हणजे समर्पण नव्हे, हे आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीने लवकर ओळखले. दुसऱ्या शतकात स्मुर्णा येथील वृद्ध धर्माध्यक्ष पोलिकार्प याला जाळून मारण्यात आले. त्या घटनेचा वृत्तांत तेथील मंडळीने पत्ररूपाने लिहून ठेवला आहे. त्यात क्विंटस नावाच्या एका माणसाची हकीकत येते. तो आपण होऊन अधिकाऱ्यांपुढे उभा राहिला आणि इतरांनाही त्याने तसे करण्यास भरीस घातले. परंतु श्वापदे दिसताच त्याचे धैर्य खचले आणि त्याने रोमन देवतांना अर्पण वाहिले. पोलिकार्प मात्र मित्रांच्या आग्रहावरून आधी गावाबाहेर जाऊन राहिला होता, आणि पकडणारे दारी आले तेव्हा त्याने त्यांना जेवू घातले. आपण होऊन मरणाच्या तोंडी जाणाऱ्यांची आम्ही प्रशंसा करीत नाही, असे ते पत्र स्पष्ट बजावते. स्वतःला वाचवण्याचा प्रामाणिक यत्न करणे आणि वेळ आली असता न डगमगणे, या दोन गोष्टी एका श्रद्धेत बसतात.

प्रेषित पौलाने या सर्वाला शब्दरूप दिले. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात तो आपली शरीरे जिवंत यज्ञ म्हणून देवाला द्यावीत असे सांगतो. यज्ञातील पशू एकदाच मरतो आणि सुटतो. जिवंत यज्ञाला रोज सकाळी उठून पुन्हा वेदीवर यावे लागते, आणि खरी अडचण तेथेच आहे. हाच पौल करिंथकरांना लिहितो, की मी सर्व धन वाटून टाकले, इतकेच काय पण स्वतःचा देह अर्पिला, तरी माझ्या ठायी प्रीती नसेल तर त्याचा मला काही लाभ नाही. प्रीतीवाचून त्याग होऊ शकतो, आणि पुष्कळदा होतो, हे पौलाने जाणले होते. अहंकार हाही मोठा त्यागी असतो. तो अन्न सोडतो, झोप सोडतो, घर सोडतो. सोडत नाही तो फक्त स्वतःला.

आता तत्त्वाची चर्चा बाजूस ठेवून एका बेटावर जाऊ. प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकात कुष्ठरोगाचा प्रादुर्भाव झाला. तेथे त्या वेळी स्वतंत्र राजसत्ता होती. १८६५ साली तिने रोग्यांना सक्तीने वेगळे ठेवण्याचा कायदा केला आणि १८६६ पासून मोलोकाई बेटाच्या उत्तरेकडील एका भूशिरावर रोग्यांना नेऊन सोडण्यास प्रारंभ झाला. तीन बाजूंना समुद्र आणि चौथीला दीड-दोन हजार फूट उंचीचे उभे कडे, अशी ती जागा. पुढील शंभर वर्षांत सुमारे आठ हजार माणसे तेथे पाठवली गेली. ही माणसे त्यागी नव्हती. समाजाने आपल्या सुरक्षिततेसाठी त्यांचा त्याग केला होता. 'स्वतःला देणे' आणि 'दिले जाणे' यांतील अंतर ज्याला पाहावयाचे असेल त्याने या भूशिराकडे पाहावे.

त्या रोग्यांबरोबर काही निरोगी माणसेही तेथे गेली. पतीबरोबर पत्नी गेली, पत्नीबरोबर पती गेला. हवाईयन भाषेत त्यांना 'कोकुआ' म्हणजे साहाय्यक म्हणत. त्यांच्यापैकी बहुतेकांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत आणि त्यांचे पुतळे उभारलेले नाहीत. त्या वसाहतीतील त्यागाची कहाणी सांगताना पहिला मान त्यांचा आहे, असे आम्ही समजतो.

१८७३ च्या १० मे रोजी एक बेल्जियन धर्मगुरू तेथे उतरला. त्याचे नाव फादर डॅमियन. जन्म ३ जानेवारी १८४०, बेल्जियममधील ट्रेमेलो गावचा, घरचे शेतकरी. हवाईला जावयाचे होते ते त्याच्या थोरल्या भावाने, परंतु तो आजारी पडला आणि धाकट्याने हट्टाने ती जागा घेतली. मार्च १८६४ मध्ये तो होनोलुलूला पोहोचला आणि त्याच वर्षी त्याला धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. मोलोकाईला चार धर्मगुरूंनी आळीपाळीने जावे असे ठरले होते. डॅमियन पहिल्या पाळीला गेला आणि मला येथेच राहू द्या असे त्याने वरिष्ठांना कळवले. तेव्हा त्याचे वय ३३ वर्षांचे होते.

तेथे त्याने काय केले हे सांगताना मोठे शब्द वापरण्याचे कारण नाही, कारण त्याची कामे सगळी हाताची होती. त्याने जखमा धुतल्या आणि बांधल्या, घरे उभारली, पाण्याचे नळ आणवून रोग्यांच्या मदतीने ते टाकले, अनाथ मुलांना आसरा दिला, मृतांसाठी पेट्या ठोकल्या आणि खड्डे खणले. पूर्वी तेथे मेलेल्या माणसाला धड मूठमातीही मिळत नसे. रोग्यांच्या पंक्तीला तो जेवला आणि आपली चिलीमही त्याने त्यांच्यात फिरवली. त्याला सर्वांत जड गेला तो एकटेपणा. एकदा त्याचे वरिष्ठ जहाजातून आले, परंतु त्यांना किनाऱ्यावर उतरण्यास मनाई होती. तेव्हा डॅमियन होडीत बसून जहाजाजवळ गेला आणि लोकांना कळू नये म्हणून फ्रेंच भाषेत, खालून ओरडून त्याने आपल्या पापांची कबुली दिली. कान आणि मन यांच्यामध्ये जेथे कुजबुजीएवढेच अंतर असावयाचे, तेथे समुद्र आला. समर्पणात प्रतिष्ठाही द्यावी लागते ती अशी.

१८८४ च्या अखेरीस त्याचे पाऊल कढत पाण्यात पडले आणि त्याला चटका जाणवला नाही. जे व्हावयाचे ते झाले होते. त्यापुढे प्रवचनात रोग्यांना उद्देशून बोलताना तो 'आम्ही रोगी' असे म्हणू लागला, अशी हकीकत सांगतात. १५ एप्रिल १८८९ रोजी तो वारला. ११ ऑक्टोबर २००९ रोजी रोममध्ये पोपनी त्याला संतपद दिले.

परंतु डॅमियन हा निर्दोष पुरुष नव्हता. तो हट्टी होता, तापट होता आणि वरिष्ठांशी त्याचे वारंवार खटके उडत. त्याच्या मृत्यूनंतर होनोलुलूतील हाईड नावाच्या एका प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाने तो गलिच्छ, आडदांड आणि शीलाने संशयास्पद असल्याचे पत्रातून लिहिले. त्याला उत्तर दिले ते रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन या विख्यात लेखकाने. स्टीव्हन्सन स्वतः प्रॉटेस्टंट घराण्यातील होता आणि डॅमियनच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत तो मोलोकाईला जाऊन आला होता. १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अनावृत पत्रात त्याने शीलावरचा आरोप धुडकावला, परंतु स्वभावाचे दोष झाकले नाहीत. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की हा माणूस खडबडीत असेल, पण आपण सुखाने घरात बसलो होतो तेव्हा तो तेथे गेला. खरा त्याग माणसाला संगमरवरी पुतळा करून सोडत नाही. माणूस होता तसा राहतो आणि तसाच उपयोगी पडतो.

या कथेला एक उत्तरार्ध आहे आणि तो कमी सांगितला जातो. मरियान कोप ही जर्मनीत जन्मलेली आणि अमेरिकेत वाढलेली फ्रान्सिस्कन संघाची भगिनी. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे रुग्णालय चालवण्याचा तिला अनुभव होता. हवाईच्या राजाने रोग्यांच्या सेवेसाठी भगिनी मागितल्या तेव्हा अनेक संघांनी नकार दिला. तिने होकार दिला. १८८३ मध्ये ती हवाईला आली आणि १८८८ मध्ये मोलोकाईच्या वसाहतीत राहावयास गेली. हात वारंवार धुतलेच पाहिजेत, असा तिचा कडक नियम होता. आपल्या भगिनींपैकी एकीलाही हा रोग होणार नाही, असा तिने विश्वास दिला होता, आणि तो खरा ठरला. तेथे ३० वर्षे सेवा करून १९१८ मध्ये ती वारली. तिलाही २०१२ मध्ये संतपद मिळाले.

आता प्रश्न असा, की या दोघांत त्याग कोणाचा मोठा? डॅमियनने रोग अंगावर घेतला आणि तो १६ वर्षांनी गेला. मरियानने हात धुतले आणि ३० वर्षे जखमा बांधल्या. आपल्या मनाचा कल सहज डॅमियनकडे जातो, कारण मरण डोळ्यांत भरते. पण आमचा तिसरा प्रश्न विचारून पाहावा : दिलेले कोणाच्या उपयोगी पडले? उत्तर दोघांनाही सारखेच लागू पडते. डॅमियनने एका ताटात जेवून, टाकलेल्या माणसांना पुन्हा माणसांत घेतले. ते काम साबणाने झाले नसते. मरियानने त्या सेवेला टिकाऊपणा आणि शिस्त दिली; ते काम नुसत्या धैर्याने झाले नसते. सावधगिरी म्हणजे श्रद्धेचा अभाव, असे म्हणणाऱ्यांनी मरियानचे चरित्र पाहावे.

योगायोग असा, की डॅमियन मोलोकाईला उतरला त्याच १८७३ साली नॉर्वेत हान्सन या डॉक्टराने कुष्ठरोगाचा जंतू शोधून काढला. १९४० नंतरच्या दशकात सल्फोन औषधांनी रोग आटोक्यात आला आणि हवाईतील सक्तीचा विलगवास १९६९ मध्ये संपला. आज हा रोग औषधाने पुरा बरा होतो. रोगाचे मूळ हान्सनने शोधले आणि रोग्याचा हात डॅमियनने धरला. समाजाला या दोघांचीही गरज होती.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. पंडिता रमाबाई १८८३ साली वैद्यक शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या. श्रवणदोषामुळे तो बेत सोडावा लागला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. यानंतर तेथील धर्मभगिनींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो छापला गेला आहे. त्यात एक विलक्षण गोष्ट दिसते. ख्रिस्ताला शरण गेलेली ही विदुषी चर्चच्या अधिकाऱ्यांना मात्र शरण जाण्यास तयार नाही. एकेका सिद्धान्तावर ती वाद घालते आणि माझ्या सद्सद्विवेकाचा अधिकार मी कोणाच्या हाती देणार नाही असे धरून बसते. ज्यांना हा उद्धटपणा वाटला, त्यांना समर्पण आणि ताबेदारी यांतील भेद कळला नव्हता. त्याच रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन निराधार मुली आणल्या, केडगावला मुक्ती सदन वसवले आणि अखेरच्या वर्षांत हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. बुद्धी गहाण न ठेवता आयुष्य कसे देता येते, याचे याहून जवळचे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

दुसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पुढे १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथे एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. टिळकांचा त्याग अस्सल होता यात शंका नाही. पण लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत, त्यांना साराची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. पतीने आपल्या श्रद्धेसाठी जातगोत सोडले. पत्नीचे मात्र घर मोडले, आणि काही वर्षे विरहात, लोकांच्या बोलण्यात काढावी लागली. तिला कोणी विचारले होते?

या कथेचा शेवट निराळा झाला तो लक्ष्मीबाईंमुळे. पुढे त्या पतीकडे गेल्या खऱ्या, परंतु ख्रिस्ती झाल्या त्या आपल्या विचाराने, आपल्या वेळेला, १९०० साली. नवऱ्याच्या त्यागात फरफटत जाणे वेगळे आणि स्वतः पाऊल टाकणे वेगळे, हा भेद त्यांनी जगून दाखवला. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे त्यांनीच पुरे केले. आणि विशेष हे, की ही सारी कहाणी लिहिताना त्यांनी कोठेही त्यागाचा टेंभा मिरवलेला नाही. उलट स्वतःची आणि टिळकांची फजिती हसत सांगितली आहे. ज्याला आपल्या त्यागावर हसता येते, त्याचा त्याग पुरा झाला असे समजावे.

सारांश काय निघाला, तो थोडक्यात मांडतो. ख्रिस्ती श्रद्धेतील समर्पण हे भीती आणि इच्छा असूनही केलेले आहे. इच्छा मेलेल्या माणसाचे ते काम नव्हे. ते स्वतःचे करावयाचे असते. दुसऱ्याला वेदीवर चढवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. ते प्रीतीने केलेले असेल तरच मोलाचे, आणि ते कोणाच्या तरी जखमेपर्यंत पोहोचले पाहिजे. ही कसोटी त्याच धर्माच्या ग्रंथांतून आणि माणसांतून आली आहे, आणि ती त्या धर्माच्या संस्थांनाही लागू पडते. गुलामांना, गरिबांना आणि स्त्रियांना 'सहन करा, तुमचा वधस्तंभ उचला' असे सांगणारे धर्मोपदेशक इतिहासात थोडे झाले नाहीत. वधस्तंभ उचलण्यास सांगणाऱ्या येशूने आपला आधी उचलला होता, एवढे त्यांनी सोयीने विसरले.

ही कसोटी आपल्या घरातही लावून पाहण्यासारखी आहे. घरात एखादे म्हातारे माणूस वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले असते. त्याचे सारे एकच सून किंवा एकच अविवाहित मुलगी करीत असते. बाकीची मंडळी सणासुदीला येतात आणि तिच्या त्यागाचे तोंड भरून कौतुक करून संध्याकाळच्या गाडीने परत जातात. ती जे देते आहे ते तिने दिले आहे, की तिच्याकडून घेतले गेले आहे? तिला कोणी विचारले आहे काय? मोलोकाईच्या बहुतेक कोकुआंची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. आपल्या घरातील कोकुआचे नाव आपल्याला ठाऊक आहे. तिचे कौतुक करण्यापूर्वी एक रात्र तिच्या जागी जागून पाहावे. त्यागावरील व्याख्यान ऐकून घरी जाणाऱ्याने निदान एवढे तरी करावे, असे आम्हांस वाटते.